आडकाठीचा रकाना

साठी उलटलेल्या माणसाने दासबोध वाचावा, निदान वाचत असल्याचे चारचौघांत सांगावे, असा आपल्याकडे संकेत आहे. आम्ही विज्ञानकथा वाचतो. ही गोष्ट आजवर आम्ही या पत्रिकेच्या वाचकांपासून काहीशी लपवूनच ठेवली होती. आपल्या बैठकांत संतसाहित्यावर आणि नाट्यसंगीतावर ज्या गांभीर्याने चर्चा होते, तीत मंगळावरून आलेल्या स्वाऱ्या आणि प्रकाशाच्या तलवारी यांना पाट मांडला जाईल, अशी आशा आम्हांला नव्हती. तथापि २०२५ च्या उन्हाळ्यात असे काही घडले की, हा विषय मनातून जाईना. आणि मनातून न जाणारा विषय कागदावर उतरवून मोकळे व्हावे, ही कचेरीत लागलेली सवय अजून सुटलेली नाही.

आमचा नातू पुण्याला असतो. वय वर्षे सोळा. सुटीत तो ग्वाल्हेरला येतो, तेव्हा त्याच्याशी बोलावयाचे विषय दर वर्षी एकेक करून कमी झालेले असतात, हे आमच्या वयाच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. आमचे मराठी त्याला पुस्तकी वाटते, त्याचे मराठी आम्हांला अर्धेच कळते. शिंदेशाहीतल्या आठवणी, पणजोबांची नोकरी, लष्करातला जुना वाडा, यांतले काहीही निघाले की तो नम्रपणे ऐकतो, म्हणजे ऐकत नाही. विज्ञानकथा हा एकच विषय असा उरला आहे की, ज्यात तो आपण होऊन आमच्याजवळ येऊन बसतो. त्यामुळे त्या विषयाचे मोल आमच्या लेखी पुस्तकांच्या किमतीपेक्षा बरेच अधिक आहे.

या खेपेस त्याने एक वही आणली होती. वहीत आडव्या-उभ्या रेघा मारून एक तक्ता केलेला. डाव्या बाजूस निरनिराळ्या लेखकांनी आणि चित्रपटांनी कल्पिलेली शस्त्रे, आणि वरच्या रांगेत पल्ला, वेग, विध्वंसशक्ती असे रकाने. शेवटी अनुक्रमांक. कोणते शस्त्र सर्वश्रेष्ठ, हे या तक्त्यातून निघावयाचे होते. त्याच्या मित्रमंडळात यावरून कडाक्याचे वाद होतात म्हणे. आम्हांला त्याने तपासनीस नेमले.

तपासणीस आरंभ झाला तो ‘स्टार वॉर्स’ या १९७७ च्या चित्रपटातील ‘डेथ स्टार’पासून. हा एक कृत्रिम उपग्रह असून त्यातून सुटलेला झोत अख्खा ग्रह फोडून टाकतो. आम्ही पडलो विज्ञान शाखेचे जुने पदवीधर. पृथ्वीएवढा गोळा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जो घट्ट धरून ठेवलेला असतो, तो पार उधळून द्यावयास ऊर्जा किती लागेल, याचा हिशेब नातवाने आणि आम्ही मिळून मांडला. उत्तर आले ते असे की, सूर्य सर्व दिशांना जेवढी ऊर्जा फेकतो, तिची सुमारे एका आठवड्याची संपूर्ण मिळकत एका क्षणात खर्चावी लागेल. आकडा पाहून नातू हरखला. त्याने डेथ स्टारला पहिला क्रमांक दिला आणि त्याच चित्रपटातील प्रकाशाची तलवार बरीच खाली ढकलली. प्रकाशाचे दोन झोत एकमेकांवर आपटत नाहीत, आरपार जातात, तेव्हा त्या तलवारींची खणाखणी कशी होते, अशी शंका आम्ही काढली. त्यावर त्याने आमच्याकडे अरसिकाकडे पाहावे तसे पाहिले.

परंतु जसजसे खाली जाऊ लागलो, तसतशी आमची अडचण वाढू लागली. प्रत्येक लेखकाच्या विश्वाचे नियम निराळे. एकाच्या विश्वात प्रकाशाहून वेगाने जाता येते, दुसऱ्याच्या विश्वात येत नाही. अशा दोन विश्वांतील शस्त्रे एका तराजूत घालणे म्हणजे तोळे आणि कोस यांची बेरीज करण्यासारखे आहे. शिवाय विध्वंसाच्या रकान्यात एकदा ‘संपूर्ण ग्रह’ असे लिहिले की पुढच्याने ‘संपूर्ण सूर्यमाला’ लिहावयाचे, यात लेखकाला एका शब्दापलीकडे खर्च नाही. म्हणून आम्ही सुचवले की, तक्त्यास आणखी एक रकाना जोडावा. हे शस्त्र चालवण्यापूर्वी चालवणाऱ्याला काय आडवे येते? निसर्गाचा नियम, कायदा, वरिष्ठाची मंजुरी, स्वतःच्या जिवाची भीती, काहीही असो. नातवाने जरा नाइलाजानेच रेघ मारली आणि रकान्याला नाव विचारले. आम्ही ‘आडकाठी’ असे सांगितले. हा शब्द त्याने प्रथमच ऐकला.

पहिली नोंद एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ची. १८९८ च्या या कादंबरीत मंगळावरचे प्राणी इंग्लंडच्या सरे परगण्यात उतरतात. त्यांच्याशी बोलणी करावयास काही माणसे पांढरे निशाण घेऊन पुढे जातात आणि अदृश्य उष्णतेच्या झोताने ती जागच्या जागी जळून जातात. येथे आडकाठीचा रकाना कोराच राहतो. वेल्स यांचा रोख उघड आहे. आरंभीच्याच प्रकरणात त्यांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेला संहार वाचकांना आठवून दिला आहे. मंगळवासीयांचे दुसरे शस्त्र काळा धूर. तो हवेहून जड असतो, सखल भागात पाण्यासारखा उतरतो आणि लपलेल्यांना शोधून मारतो. पुढे सतराच वर्षांनी, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला, तोही हवेहून जड होता आणि खंदकांत असाच उतरला. आपल्या ग्वाल्हेरात जिवाजीराव महाराजांच्या नावाने निघालेली जी औद्योगिक प्रयोगशाळा पुढे १९७३ पासून संरक्षण संशोधनाची संस्था झाली, तिचे कामच मुळी असल्या वायूंपासून आणि जंतूंपासून बचाव कसा करावा, हे शोधण्याचे आहे. त्या रस्त्याने आम्ही आयुष्यभर ये-जा केली. परंतु वेल्स यांच्या काळ्या धुराचा आणि त्या फाटकाचा काही संबंध असेल, हे नातवाला सांगेपर्यंत आमच्याही ध्यानी आले नव्हते.

वेल्स यांचेच १९१४ चे ‘द वर्ल्ड सेट फ्री’ हे पुस्तक आता फारसे कोणी वाचत नाही, आणि कादंबरी म्हणून ते न वाचल्याने फारसे बिघडतही नाही. परंतु ‘अणुबाँब’ हा शब्द या पुस्तकातून जगाला मिळाला. वैमानिक ते बाँब हातांनी उचलून विमानाबाहेर टाकतात आणि एकदा पडलेला बाँब दिवसेंदिवस धुमसत, स्फोट पावत राहतो. लिओ झिलार्ड या हंगेरियन पदार्थवैज्ञानिकाने १९३२ मध्ये हे पुस्तक वाचले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रस्ता ओलांडताना अणुकेंद्रीय साखळी-प्रक्रियेची कल्पना त्याच्या डोक्यात आली. १९३४ मध्ये त्याने तिचे पेटंट मागितले. आणि ती गुप्त राहावी म्हणून १९३६ मध्ये ते ब्रिटिश नौदलाच्या स्वाधीन केले. पुस्तकात काय लिहिले आहे, हे तो विसरलेला नव्हता.

याच झिलार्डची पुढची हकीकत आम्ही नातवाला जरा अधिक विस्ताराने सांगितली. जर्मनी आधी बाँब बनवील, या धास्तीने त्याने १९३९ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सहीचे पत्र अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवावयास लावले. बाँब तयार झाला. जर्मनी तर आधीच शरण आलेला. तेव्हा १७ जुलै १९४५ या तारखेचा एक विनंतिअर्ज त्याने सिद्ध केला. जपानला शरणागतीच्या अटी जाहीरपणे कळवून संधी दिल्यावाचून हे शस्त्र वापरू नये, असा त्याचा आशय. सत्तर शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. अर्ज लष्कराच्या वरिष्ठांमार्फत पाठवण्यात आला आणि अध्यक्षांच्या हाती तो पडलाच नाही. आमच्याकडच्या कचेऱ्यांत प्रत्येक अर्जाच्या माथ्यावर ‘उचित माध्यम से’ असे लिहिण्याची पद्धत आहे. या उचित माध्यमाच्या पायऱ्यांवर कागद कसा विसावतो, ज्यांनी तो अडवला त्यांपैकी कोणालाही आपण काही अडवले असे कसे वाटत नाही, हे आम्ही पस्तीस वर्षे पाहिले आहे. नातवाने रकान्यात लिहिले : ‘सत्तर सह्या. पोचल्या नाहीत.’

‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेत १९६६ मध्ये सुरू झाली. आम्ही ती दूरदर्शनच्या कृपेने पुष्कळ नंतर पाहिली. तिच्या पहिल्या प्रायोगिक भागात पात्रांच्या हाती ‘लेझर’ पिस्तुले होती. परंतु लेझरचा खराखुरा शोध १९६० चाच. उद्या लोक म्हणतील की लेझरने हे होत नाही, म्हणून कर्त्यांनी नावच बदलून ‘फेझर’ केले. या फेझरला एक कळ असते. ती एकीकडे फिरवली तर समोरचा माणूस नुसता बेशुद्ध पडतो, दुसरीकडे फिरवली तर मरतो किंवा नाहीसाच होतो. नातवाच्या मते सर्व शस्त्रांत हे सर्वांत सुसंस्कृत. आडकाठी शस्त्रातच बसवलेली. प्रथमदर्शनी आमचेही मत तसेच होते. परंतु जो मनुष्य कार्यकारी दंडाधिकारी म्हणून जमावासमोर उभा राहिला आहे, त्याला या कळेविषयी थोडे निराळे वाटते.

जमाव बेकायदा ठरवून पांगवण्याचा अधिकार जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दंडाधिकाऱ्याला दिला होता. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही तो आहे. इशारा, लाठी, अश्रुधूर आणि अगदी शेवटी गोळीबार, अशी ती चढती भाजणी. आमच्या नोकरीत हा प्रसंग चार-पाच वेळा आला. एक गोष्ट तेव्हापासून मनात घर करून राहिली. अश्रुधुराची परवानगी मागताना पोलीस अधिकाऱ्याचा आवाज पाणी मागावे इतका सहज असे. गोळीबाराचा विषय निघाला की तोच मनुष्य आधी लेखी आदेश मागे. गोळीबाराच्या आदेशावर सही करण्याची पाळी आमच्यावर आली नाही, हे आमचे भाग्य. पण अश्रुधुराची नळकांडी किती सुटली, याचा हिशेब मात्र दर वेळी दुसऱ्या दिवशी करावा लागे. ज्याने कोणी मरत नाही ते शस्त्र उचलावयास हाताला जड जात नाही. फेझरचे नायक भले लोक आहेत. तरीही कोणत्याही ग्रहावर दार उघडताच ते कळ बेशुद्धीवर ठेवून किती चटकन हात उचलतात, हे मालिका पुन्हा पाहाल तर ध्यानात येईल. नातवाला हे पटले नाही. ‘आजोबा, मग तुम्हांला काय, कळ नसलेली बरी वाटते का?’ असे त्याने विचारले. तसे नव्हे. कळ हवीच; पण आडकाठीच्या रकान्यात आम्ही तिला अर्धेच गुण दिले. या अर्ध्या गुणावरून आमचे दोन दिवस भांडण चालले.

हे भांडण चालू असतानाच ७ मे हा दिवस आला. देशातील अनेक शहरांबरोबर ग्वाल्हेरातही त्या संध्याकाळी भोंगे वाजवून दिवे मालवण्याची रंगीत तालीम झाली. आदल्या रात्रीच्या हवाई हल्ल्यांच्या बातम्या दिवसभर चालू होत्या. येथला विमानतळ हवाईदलाचा, त्यामुळे आमच्या शहरात अशा बातम्यांना नेहमीच वेगळा अर्थ असतो. १९७१ च्या डिसेंबरात आम्ही शाळकरी होतो. तेव्हा खिडक्यांच्या काचांना काळे कागद डकवले होते आणि आजी अंधारात शुभंकरोति म्हणत असे. चोपन्न वर्षांनी पुन्हा तसाच अंधार. गच्चीवर आम्ही दोघे बसलो होतो. किल्ल्याचा डोंगर तेवढा काळा दिसत होता. नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, ड्रोन आले तर त्यांना कळते का खाली कोण आहे? आम्ही म्हटले, चालवणाऱ्याला कळत असेल. तो म्हणाला, पुढे पुढे चालवणारा लागणारच नाही. आणि त्याला स्वतःला अभियांत्रिकीला जाऊन तेच शिकावयाचे आहे. हे तो प्रथमच बोलला. चिरंजीवांनाही ठाऊक नव्हते. दिवे आले तेव्हा आम्ही दोघेही वहीकडे वळलो, कारण दुसरे काही बोलणे सुचत नव्हते.

फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ ही १९६५ ची कादंबरी आम्ही या तक्त्यातील रत्न मानतो. हजारो वर्षांपुढचा काळ; तरीही तेथील सरदार सुरी-कट्यारीने लढतात. याचे कारण लेखकाने फार विचारपूर्वक रचले आहे. प्रत्येकाच्या अंगाभोवती ऊर्जेचे एक अदृश्य कवच असते. वेगाने येणारी गोळी ते अडवते, परंतु संथपणे सरकणारे पाते आत जाऊ देते. म्हणून तेथला पट्टीचा योद्धा शेवटच्या क्षणी हात आवरावयास शिकतो. तेथे लेझरच्या बंदुकाही आहेत. परंतु त्यांचा किरण कवचावर पडला तर अणुस्फोटासारखा भडका उडून मारणारा आणि मरणारा, दोघेही जातात. तेव्हा शहाणा मनुष्य ती बंदूक खाली ठेवतो. निसर्गनियमाचीच आडकाठी. आणि जेथे निसर्ग पुरा पडत नाही, तेथे करार आहे : प्रत्येक मोठ्या घराण्याने अण्वस्त्रे बाळगावीत, पण माणसांवर ती वापरू नयेत, वापरली तर इतर सर्व घराण्यांनी मिळून त्याचा ग्रहच नष्ट करावा.

कथेचा नायक हा करार मोडत नाही. तो अण्वस्त्र वापरतो, पण शत्रूच्या सैन्यावर नव्हे. शत्रूला वादळापासून आडोसा देणाऱ्या डोंगराच्या कड्यावर. कड्याला खिंडार पडते, वादळ आत घुसते, आणि नायक म्हणावयास मोकळा की, आम्ही तर केवळ एक नैसर्गिक अडथळा दूर केला. कलेक्टर कचेरीत जन्म गेलेल्या माणसाला हे वाचून जो आनंद होतो, तो इतरांस कळणार नाही. नियमाच्या शब्दाला धक्का न लावता नियमाचा गाभा काढून घेणारे किती अर्ज आमच्या टेबलावरून गेले असतील! नातवाला नायकाची ही युक्ती फार आवडते. आम्हांला ती आवडत नाही, पण लेखकाला ती सुचली याचे कौतुक वाटते. कारण करार लिहिणारा आणि पळवाट शोधणारा, दोघेही त्याने खरे लिहिले.

येथे कोणी म्हणेल, हे सर्व आपल्याकडे महाभारतात होतेच. असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. व्यासांना विमाने आणि अणुबाँब चिकटवल्याने व्यास मोठे होत नाहीत. परंतु आमच्या रकान्यापुरते बोलावयाचे तर सौप्तिक पर्वातील तो प्रसंग टाळता येत नाही. अश्वत्थाम्याने अस्त्र सोडले, अर्जुनाने प्रत्यस्त्र सोडले. ऋषींनी दोघांना अस्त्रे आवरावयास सांगितली. अर्जुनाला ती विद्या येत होती, अश्वत्थाम्याला सोडण्यापुरतीच येत होती. परत घेता न आलेले अस्त्र शेवटी उत्तरेच्या गर्भावर गेले. नातवाच्या तक्त्यातील एकाही आधुनिक शस्त्राला परत घेण्याची सोय नाही, ही गोष्ट त्याने स्वतःच शोधून काढली आणि बरीच रात्र होईपर्यंत वही चाळत बसला.

कर्ट व्हॉनेगट यांच्या ‘कॅट्स क्रेडल’ या १९६३ च्या कादंबरीतील शस्त्राला शस्त्र म्हणावे की नाही, हाच प्रश्न आहे. चिखलात रुतून सैनिक हैराण होतात, यावर काही उपाय काढा, अशी एका सेनापतीची मागणी. अणुबाँबच्या निर्मितीत भाग घेतलेला कादंबरीतील शास्त्रज्ञ, लहान मुलाने कोडे सोडवावे तसे ते सोडवतो. साध्या तपमानाला गोठणारे एका नव्या जातीचे बर्फ. त्याचा एक खडा पाण्याला लागला की ते सारे पाणी तसेच गोठते, मग डबके असो की महासागर. ते वितळते ४५.८ अंश सेल्सियसला. (आमच्या ग्वाल्हेरचा पारा मे महिन्यात कधीकधी याच्याही वर जातो, तेवढ्यापुरते आम्ही वाचलो, असे नातू म्हणाला.) हे शस्त्र कोणी मंजूर केले नाही, कोणाच्या दप्तरी त्याची नोंद नाही. शास्त्रज्ञ मरतो आणि त्याची तिन्ही मुले तो खडा आपसांत वाटून घेतात. एक तुकडा शेवटी समुद्रात पोचतो, तोही कोणी युद्ध पुकारले म्हणून नव्हे, एका अपघाताने.

वारसाने आलेले शस्त्र म्हटले की आम्हांला चंबळच्या खोऱ्यातील एक जिल्हा आठवतो. तेथे काही वर्षे शस्त्र शाखेचा प्रभार आमच्याकडे होता. त्या मुलखात बारा बोअरची बंदूक ही जमिनीसारखी आणि म्हशीसारखी घराची इभ्रत असते. लग्नात ‘हर्ष फायर’ झाला नाही तर वरात सुनी वाटते, आणि त्या हर्षात दरसाल कोणी ना कोणी मरते. लायसन्स मागणारा प्रत्येक जण कारण एकच लिही : ‘आत्मरक्षा’. निवडणूक लागली की साऱ्या बंदुका ठाण्यात जमा व्हावयाच्या आणि निकालानंतर परत न्यावयाच्या. ठाण्याबाहेरची ती रांग रेशनच्या रांगेसारखी दिसे.

एके दिवशी एक वृद्ध स्त्री आली. नवरा वारला होता, बंदूक ठाण्यात जमा होती, आणि मुलाने वारसाने लायसन्स मिळावे म्हणून अर्ज केला होता. अर्ज बिनचूक. पोलिसांचा अहवाल स्वच्छ. म्हातारी हात जोडून एवढेच म्हणत राहिली, ‘साब, बंदूक थाने में ही रहने दो.’ कारण विचारले तर सांगेना. मुलगा रागीट आहे का, दारू पितो का, कोणाशी वैर आहे का, कशालाच हो की नाही म्हणेना. तिच्या म्हणण्याला कायद्यात रकाना नव्हता. आम्ही तिचे म्हणणे लिहून घेतले, अंगठा घेतला, कागद फायलीला जोडला आणि फेरचौकशीसाठी फाईल ठाण्याकडे धाडली. चौकशी होऊन ती परत येण्याआधी आमची बदली झाली. पुढे काय झाले ते त्या फायलीत असेल. नातवाने हे सर्व मान खाली घालून ऐकले आणि विचारले, तिचे नाव काय होते? नाव आम्हांला आठवले नाही, अंगठा आठवतो. तक्ता कल्पित शस्त्रांचा असूनही त्याने खाली एक ओळ वाढवली : ‘बारा बोअर.’ आडकाठीत लिहिले : ‘आई.’

डेथ स्टारचा पहिला क्रमांक मात्र शेवटी गेला. चिनी लेखक लियु त्सिशिन यांच्या ‘थ्री-बॉडी’ कादंबरीमालेचा तिसरा भाग २०१० चा. इंग्रजीत तो २०१६ मध्ये आला. त्यात कागदाच्या चिठ्ठीएवढी एक वस्तू कोठून तरी आपल्या सूर्यमालेत येते आणि तिच्या स्पर्शाने लांबी, रुंदी, उंची यांतील एक मितीच नाहीशी होऊ लागते. सूर्य, ग्रह, माणसे, सारे चित्रासारखे सपाट होत जाते. ऊर्जेचा हिशेबच संपला. नातवाने मुकाट्याने तिला पहिला क्रमांक दिला. आम्हांला वाचताना थरारून गेले ते निराळ्या कारणाने. ही चिठ्ठी धाडणारा कोणी सम्राट नाही. दूरच्या एका यानावरचा तो कनिष्ठ कर्मचारी आहे. सूर्यमाला पुसून टाकणे हे त्याचे रोजचे काम. तो वरिष्ठाकडे मागणी करतो. वरिष्ठ फारसे न विचारता वस्तू काढून देतो. तो गुणगुणत ती फेकतो आणि पुढच्या कामाला लागतो. क्रौर्य नाही, द्वेष नाही, विजयाचा आनंदही नाही. मंजुरी आहे, आणि ती स्वस्त आहे. नातवाने विचारले, या रकान्यात काय लिहू? आम्ही म्हटले, ‘भांडारपाल’ लिही. तो हसला, आम्हांला हसू आले नाही. गच्चीवर तो जे बोलला होता त्याची आठवण झाली. परंतु उपदेश करावयाचा नाही, असे आम्ही आणि सौभाग्यवतींनी आपसांत ठरवून टाकले होते. शिकेल तर हेही बरोबर घेऊन शिकेल, एवढ्यावर आम्ही थांबलो.

तो पुण्यास परतावयाच्या आदल्या आठवड्यात, २० मे रोजी, डॉ. जयंत नारळीकर पुण्यात निवर्तले. आमच्या पिढीला विज्ञानकथेची गोडी त्यांनी लावली. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले, ही गोष्ट नातवाला ठाऊक नव्हती. त्या रात्री आम्ही त्याला ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा मोठ्याने वाचून दाखवली. तो मराठी कथा एवढा वेळ ऐकत बसल्याचे आम्हांला तरी आठवत नाही. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघाताने अशा जगात जाऊन पडतात की, जेथे १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी लागलीच नाही, कानाजवळून निघून गेली. आणि मराठे पानिपत जिंकले. त्या एका गोळीने हिंदुस्थानचा पुढचा सारा इतिहास दुसऱ्या वाटेने जातो.

पानिपत हा शब्द ग्वाल्हेरच्या आणि इंदूरच्या घरांत पुस्तकी नाही. महादजी त्या रणातून एक पाय कायमचा अधू करून परतले. आज आपण येथे आहोत ते त्या लंगडत परतलेल्या पुरुषाच्या मागून. नातवाला हे शाळेत एका ओळीत शिकवले होते. त्याने विचारले, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा इतक्या चांगल्या होत्या तर मग एका गोळीने काय बिघडले? आम्ही तोफांविषयी, उपासमारीविषयी, अब्दालीने उंटांवर चढवलेल्या लहान तोफांविषयी जे सांगावयाचे ते सांगितले. त्याचे समाधान झाले नाही. तो वही काढून बसला. तक्त्यात सूर्यमाला सपाट करणारी चिठ्ठी सर्वांत वर होती आणि फेझर आमच्या अर्ध्या गुणासह मध्ये कोठेतरी. न लागलेली गोळी हे शस्त्र धरावयाचे का, धरले तर तिची विध्वंसशक्ती शून्य लिहावयाची की एक अख्खा इतिहास, आणि आडकाठीच्या रकान्यात काय, यावर फोनवरून आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. हल्ली तो हे संदेश मराठीत लिहितो. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ असतात. त्या आम्ही दुरुस्त करीत नाही. गोळीची ओळ वहीत अद्याप कोरी आहे.